पुलाच्या पलीकडे

मंगळवार, दुपारी

प्रिय पोपट,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो निदान प्रामाणिक आहे, दुखलं की दुखलं म्हणतो. तू, तुझी बायको आणि लेकी ठीक असाल. रविवारी आणलेली सफरचंदं टोपलीत तशीच आहेत, माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

आज सकाळी मला चौथ्या मजल्यावर, अंतर्गत चौकशीत बोलावलं होतं. ते मागाहून सांगते.

आधी पोलीस मुख्यालयाची खबर. तू महामार्गावरचा माणूस, इथे येतोस तो साहेबांना सलाम ठोकण्यापुरता. इथे खरं काय चालतं ते तळमजल्यावर, वायरलेसच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या बाईला विचार. आमची खिडकी दाराशेजारी, म्हणून प्रत्येक नडलेला माणूस आधी माझ्याकडे येतो. तशी ती कुलूपवाल्याची बायको येते. पुलावर ज्याची गाडी धडकली, त्याची.

मी तिला पहिल्या मजल्यावर पाठवलं, तुमच्या महामार्ग विभागात. तुमचं उत्तर पथक म्हणालं, "गाडी पुलाच्या दक्षिणेला सापडली, ती आमची हद्द नाही." दक्षिण पथक म्हणालं, "काचा उत्तरेला पडल्यात, आम्हाला काय विचारता?" मग ती दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथे गुन्हे शाखा. ते म्हणाले, "अपघात आम्ही बघत नाही. खून असता तर गोष्ट वेगळी." असं तिच्या तोंडावर! तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा. त्यांनी काचा तपासल्या, रंग तपासला, पण अहवाल ते विभागाला देतात, माणसाला नाही. बाई पुन्हा खाली. मी तिला बाकावर बसवून पाणी दिलं.

ती म्हणाली, "ताई, एवढे विभाग, एवढी माणसं. मग माझा नवरा कुणाच्या वाट्याला आला हो?"



आता तुला ठाऊक आहे तेच लिहिते, कारण रविवारी तू मला तोंड उघडू दिलं नाहीस. त्या दुपारी मी कामावर होते. वायरलेसवर बोलायचं कुणाचं तरी बटण दाबलेलं राहिलं. माईक सीटच्या खाचेत अडकला असेल. आपल्याकडे हे नेहमीचंच. कुणी गाणं म्हणतं, कुणी साहेबांचा उद्धार करतं आणि अख्खं राज्य फुकटात ऐकतं. आम्ही हसायच्या तयारीतच होतो. तेवढ्यात आवाज आला, "ढकल रे. प... प... पलीकडे गेली की त्यांची डोकेदुखी. आपला फळा स्वच्छ राहू दे."

मागे एक माणूस कण्हत होता. "पाणी. साहेब, पाणी."

"गप रे. तिकडचे येतील, त्यांच्याकडे माग."

तो मेला फळा! अपघाताशिवाय गेलेले दिवस तुम्ही त्यावर खडूने लिहिता. आकडा फुगला की पथकप्रमुखाला बढती. तुझी तर प्रशिक्षण विभागात शिक्षक म्हणून वर्णी लागलीच होती. काय शिकवणार होतास रे नव्या भरतीला? जखमी माणसासकट गाडी कशी ढकलायची ते? बरं, ढकललीत ती ढकललीत, दक्षिणेच्या पथकाला कळवायचं तरी होतं. पण कळवलं असतं तर नोंद तुमच्या नावावर पडली असती. डॉक्टर म्हणाले, लगेच आणला असता तर वाचला असता.

आमच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मग शेजारचा म्हणाला, "आवाज काही कळला नाही बुवा." दुसरा म्हणाला, "खरखर फार." आणि सगळ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. तू माझा भाऊ, हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत. पुढे प्रयोगशाळेनेही हात वर केले. ध्वनिमुद्रणावरून आवाज नक्की सांगता येत नाही म्हणे. राहिले मी.

रविवारी तू म्हणालास, "ताई, खरखर होती एवढंच सांग. खोटं थोडंच आहे?" तुझी बायको माझ्या स्वयंपाकघरात त्याच त्या कपबशा धूत राहिली. लेकींचं नाव मध्ये आणलंस. शेवटी म्हणालास, "तो तसाही मेलाच असता गं." मी गप्प बसले, तर तुला वाटलं, ताईने पदरात घेतलं.

आई गेली तेव्हा तुला धड वाक्य बोलता येत नव्हतं. शाळेतली कार्टी चाळे करून दाखवायची आणि तू दप्तर टाकून पळत घरी यायचास. मी तुला रोज खिडकीशी बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायची. "प" आला की तू अडायचास. मी म्हणायची, "थांब. श्वास घे. मग पुढे." एकदा सुटलास तो थांबायलाच तयार नाहीस, म्हणून तर तू पोपट. पण घाबरलास की अजूनही तिथेच अडतोस. जगात हे मला एकटीला माहीत आहे.

सकाळी चौकशीच्या बाईंनी ते ध्वनिमुद्रण लावलं. स्वभावाने बऱ्या आहेत. म्हणाल्या, "भाऊ आहे, अवघड असेल तर 'सांगता येत नाही' असं लिहिते, कुणी दोष देणार नाही." पोपट, 'तसंच लिहा' म्हणायला माझी जीभ वळत होती रे. तुझ्या लेकी डोळ्यांपुढे होत्या. मग पुन्हा तो माणूस पाणी मागायला लागला.

मी म्हटलं, "ओळखते. या आवाजाला मीच बोलायला शिकवलं."

सही करून खाली आले. ती बाकावर होती. तिला म्हटलं, "बाई, तुमचा नवरा माझ्या वाट्याला आला." आणि तिच्याशेजारी बसून ढसाढसा रडले. तिच्यासाठी किती आणि तुझ्यासाठी किती, ते मला विचारू नकोस.

तू मला शिव्या घालशील, घाल. तुझ्या बायकोला सांग, मुलींना माझ्याकडे पाठवायचं असेल तर घर उघडं आहे. तुझ्यासाठी मात्र सध्या नाही.

हे पत्र मोठ्याने वाच, खिडकीशी बसून, पूर्वी वाचायचास तसं. "पाणी" आलं की अडशील. थांब, श्वास घे. पण ती ओळ गाळू नकोस.

तुला बोलायला शिकवणारी,
ताई