सुतारकाका आणि दोनशे फायली

मंगळवार, ९ मार्च
रेकॉर्ड रूम, जेवणाची सुट्टी

प्रिय ताईस,

नमस्कार. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरताना मात्र कुरकुरतो. तू वेळेवर जेवतेस का, हे तिने विचारायला सांगितले होते. तू ‘हो’ म्हणणार आणि ती विश्वास ठेवणार नाही, म्हणून उत्तर नाही दिलेस तरी चालेल. स्वयंपाकघरातला गळका नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो गळत नाही. उघडतही नाही.

तू तिकडच्या आरोग्य केंद्रातून पाठवलेले दोन्ही अर्ज मिळाले, तुझा आणि भावोजींचा. (लग्न अजून व्हायचे आहे, पण आतापासून सवय कर असे तूच म्हणालीस.) ‘फक्त शुद्धलेखन बघ, बाकी कशाला हात लावू नकोस,’ असे तू वर लिहिले होतेस. पाहिले. तुझ्या अर्जात दोन चुका, त्यांच्या अर्जात एकवीस. दुरुस्त केल्या.

हे पत्र इथेच संपायला हवे होते. मी दोनदा संपवलेही. ते दोन्ही कागद टोपलीत आहेत.

चार वर्षे झाली, मी या रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरांचे अर्ज टंकतो. प्रशिक्षणाच्या जागा निघाल्या की माझ्या दाराशी रांग लागते. अकरावीचा पेपर हातात आल्यावर घाम फुटून घरी पळालेला मी डॉक्टरांच्या चुका काढतो, गंमतच आहे. पण इतके अर्ज टंकल्यावर दगडालाही कळेल की कोणाचा निवडला जातो. ‘मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारे शंभर तरी टंकले असतील. त्यातले बहुतेक जण पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे होते. ज्यांना जागा मिळाली त्यांनी एखादा रुग्ण लिहिला होता, स्वतः काय केले ते लिहिले होते, त्याने काय बदलले ते मोजले होते, आणि आपले काय चुकले तेही लपवले नव्हते.

ताई, तुझा अर्ज ‘मला लहानपणापासून’ने सुरू होतो.

आणि सलाईनच्या सुयांचे काम त्यात नाही. ते भावोजींच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर आहे.

ते काम कोणाचे, हे मला कोणी सांगायला नको. गेल्या वर्षी तू इथे असताना तुझ्या वॉर्डातले रुग्ण सुतारकाका यांचा हात कोपरापर्यंत सुजला, कारण सुई कधी लावली ते फायलीत नव्हते आणि ती पाच दिवस तशीच राहिली. सुई तू लावली होतीस. तारीख लिहायला तू विसरली होतीस. तिसऱ्या दिवशी तू माझ्याकडे येऊन म्हणालीस, ‘त्या महिन्याच्या सगळ्या फायली काढ. बघू, विसरणारी मी एकटीच आहे का.’ मी शिडीवर चढून दोनशेबारा काढल्या. बारा जणांना सुई लावलीच नव्हती, त्या तू वगळल्यास. उरलेल्या दोनशेपैकी एकशे एकतीस फायलींत तारीख नव्हती. मग सुईच्या चिकटपट्टीवरच पेनने तारीख लिहायची पद्धत तू सुरू केलीस, मोठ्या नर्सबाईंची बोलणी खाल्लीस, आणि दोन महिन्यांनी पुन्हा दोनशे फायली पाहिल्यास. तारीख नसलेल्या एकोणीस. रजिस्टरमध्ये प्रत्येक फायलीपुढे तुझी सही आहे.

भावोजींनी ‘दोनशेबारा फायली तपासल्या’ असे लिहिले आहे. तुझ्या जुन्या वहीतून उतरवले असणार. सुतारकाका नाहीतच, नुसते ‘असे निदर्शनास आले’.

काल मी त्यांना भेटलो. हे सांगणार नव्हतो, पण त्यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. ते कँटीनमध्ये चहा घेत होते.

‘झालं तपासून?’

‘शुद्धलेखन झालं. दुसरं पान मी टंकणार नाही.’

‘का रे, बोटं दुखतात?’

‘ते काम ताईचं आहे.’

ते हसले. ‘अरे शहाण्या, तिनंच दिलंय. आता आमच्यात तुझं-माझं काय?’

‘मग तुमचं एखादं काम तिच्या अर्जात कसं नाही?’

हसणे थांबले. ‘अकरावी नापासानं डॉक्टरांना शिकवू नये.’

‘नापास नाही, पेपर दिलाच नाही,’ मी म्हणालो. ‘आणि मुलाखतीत कोणी विचारलं, की दोनशेबारातल्या बारा फायली का वगळल्या, तर काय सांगाल?’

त्यांना माहीत नव्हते. मी म्हणालो, ‘त्या भाजलेल्या आजींची पट्टी बदलायला तुम्ही सहा आठवडे त्यांच्या घरी जात होतात. ते लिहा की.’ ते म्हणाले, ‘त्यात काय लिहायचं?’ ताई, माणूस वाईट नाही. पण तुझ्या कामाचे ते दुसरे पान मी त्यांना परत दिले नाही.

आता जे टाळत होतो ते लिहितो. आपले काम त्यांना देऊन तू स्वतःचा अर्ज नावापुरता का भरलास ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तू घरी आलीस तेव्हा जेवताना आई म्हणाली, ‘जागा एकच. आधी त्याचं होऊ दे, तू पुढच्या वर्षी भर.’ तू माझ्याकडे पाहिलेस. मी ताटाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘हो, भावोजींचं होऊ दे आधी.’

का म्हणालो? घरात आवाज चढलेला मला सोसत नाही, म्हणून. जेवण शांतपणे पार पडावे, म्हणून. माझ्या एका शांत जेवणापायी तुझे वर्ष गेले असते. ते वाक्य मी परत घेतो. काल आईसमोरही घेतले. आज माझा डबा मीच भरला.

सोबत तुझा अर्ज आहे. तू नको म्हणालीस तरी सगळ्याला हात लावला आहे. पहिल्या ओळीत सुतारकाका आहेत, दुसऱ्या ओळीत तुझी चूक. शब्द तुझ्याच टिपणातले, मी फक्त जागेवर आणून ठेवले. एखादा आकडा खोटा वाटला तर खोड. लाज वाटली म्हणून मात्र काही खोडू नकोस.

मुदत शुक्रवारी पाचला संपते. रुग्णवाहिकेचे चालक काका हे पाकीट उद्या तुझ्या हातात देतील आणि गुरुवारी न्यायला येतील. रिकाम्या हाताने परतलात तर मी स्वतः जाईन, असे त्यांना सांगितले आहे. ते म्हणाले, ‘तू? तुला तर गाडी लागते!’ लागू दे.

लग्न कर किंवा करू नकोस, तो तुझा प्रश्न. माझ्यावर वर्षभर रागाव. पण अर्जाच्या शेवटी तुझे नाव टंकून त्याच्यावर जागा मोकळी सोडली आहे. तिथे सही तुलाच करायची आहे. ती केल्याशिवाय मला ‘बरं केलंस’ही म्हणू नकोस आणि ‘वाईट केलंस’ही म्हणू नकोस.

या वेळी तुझे न ऐकणारा,
तुझा धाकटा