शिसवी मूठ

ओतूर
७ ऑक्टोबर १९९८

पापड परत पाठवायचे व्हते तर नीट बांधून तरी पाठवायचे. माझा जिनेश डबा घेऊन घरी आला तेव्हा निम्म्यांचा चुरा झालेला. "आमच्याकडं हायेत" म्हणालीस म्हणे. माझ्या हातचे उडदाचे पापड तुझ्याकडं कुठून आले गं?

आता रीतीचं लिहिते. चि. नजमाला मोहनभाभीचा आशीर्वाद, तुझ्या मालकांना, हनीफभाईंना नमस्कार. आमी बरे हाओत, माझे गुडघे सोडून. जिनेशनं दुकानाला नवं शटर बसवलं, ते उघडताना गल्ली जागी व्हते. नात खुशबू म्हणाली, "आजी, पत्र मी लिहून देते." म्हटलं, तू तुझा अभ्यास कर. हे दुसऱ्याच्या हातून लिहायचं न्हाई. अक्षर वाकडं हाय, लावून वाच.

जिनेशला हनीफभाई शिनोलीत दिसले. धार लावायचं चाक घेऊन रस्त्याकडंला बसलेले. या वयात जुन्नरहून एवढं लांब कशाला जायचं?

कशाला ते मला ठावं हाय. ओतूरचा बाजार त्यांनी सोडला.

उन्हाळ्यात मी बाजारात तुमच्याकडं मिटायचा चाकू घ्यायला आले, तेव्हा तू पथारीवरच व्हतीस. त्यांनी शिंगाच्या मुठीचे चाकू आधी बाजूला सारले. "भाभी, हे तुमच्या घरात चालायचं न्हाई, हातबी लावू नका. पितळ बघा." म्हटलं, पितळ घामानं वास मारतं. "मग प्लास्टिक?" म्हटलं, प्लास्टिकच घ्यायचं तर कंगवा घेते. तू किती हसलीस! मग त्यांनी शिसवाची मूठ काढली, तांबूस, रेघारेघांची. "पाण्यात भिजत टाकू नका. पुसून ठेवा. महिन्यातून एकदा खोबरेलाचं बोट फिरवा." मी म्हटलं, मला नका शिकवू.

पुढं चौमासात आमच्या जैन साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आल्या. त्यांना चिरलेलंच फळ चालतं, म्हणून मी केळी चिरत व्हते. तेवढ्यात गल्लीतली चेतना म्हणाली, "काकू, ही मूठ शिंगाची दिसते." मूठ काळी झालेली, तकतकीत. साध्वीजींनी भिक्षेचं पातरं झाकलं नि काही न घेता माझ्या दारातून माघारी गेल्या. माझ्या दारातून, नजमा!

मग बाजारात मी काय केलं ते तू पाहिलंस. चाकू त्यांच्या पुढ्यात आपटला. "आमच्या चुलीपर्यंत शिंगं पोचवता?" असं चार गावच्या माणसांत ओरडले. ते म्हणाले, "भाभी, लाकूड हाय. खरवडून बघा." मी म्हटलं, खोटारड्याचं मी काही खरवडत न्हाई. तू माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणलेला, तो तसाच तुझ्या हातात राहिला. चाकू मी उचलून घरी आणला, बायकांना दाखवायला. मग त्यांनी आपापले चाकू हनीफभाईंच्या पथारीवर परत नेऊन टाकले.

त्याच संध्याकाळी मी मूठ खरवडली नि भुगा निखाऱ्यावर टाकला. शिंग असतं तर केस जळल्यागत घाण सुटली असती. लाकडाचा वास आला. आतून मूठ तांबूसच व्हती.

काळी मी केली. तळणीचं उरलेलं तेल वाया कशाला घालवायचं म्हणून मी तेच मुठीला रोज चोळत व्हते. वर चुलीचा धूर. साध्वीजी दारातून गेल्या त्या माझ्या चिकटपणामुळं.

आणि हे कळूनबी मी गप्प बसले. संवत्सरीला आमी सगळ्यांना हात जोडून वर्षभराची क्षमा मागतो. मी चेतनाला मागितली, दूधवाल्याला मागितली, सुनेलाबी मागितली, जी मला काही जन्मात मागायची न्हाई. जुन्नरची एसटी समोर उभी व्हती. चढले न्हाई. मागाहून पापड पाठवले. परत केलेस ते बरं केलंस.

आता हनीफभाईंना वाचून दाखव. येत्या बाजारी त्यांनी ओतूरला पथारी मांडावी. मी शेजारी बसते. जी बाई समोरून जाईल तिला थांबवून मूठ खरवडून दाखवते नि सांगते, लाकूड हाय, काळं मी केलं, खोटी मी. पहिली हाक चेतनाला मारीन. पण माझ्या शेजारी बसायची त्यांची इच्छा असेल तरच. नसेल तर मी एकटी चौकात उभी राहून सांगेन, त्यांच्या वाटेला जाणार न्हाई.

मोहनबाई शांतीलाल

उत्तर तू लिहायचं न्हाई. तू "जाऊ द्या भाभी" लिहून मोकळी व्हशील, नि मी त्यावर निवांत झोपेन. हनीफभाईंनीच लिहायचं. "येऊ नका" एवढंच लिहायचं असलं, तरी त्यांनीच.