टरफलांवरचा सराव

२ डिसेंबर, सकाळी ७
कॅलगरीचा रिपोर्ट पाहिला. तिथली महापालिका शहरातल्या स्की ट्रेलवर बर्फ कसा आहे ते रोज वेबसाइटवर टाकते. आज उणे नऊ, ताजा बर्फ चार इंच, ट्रॅक मशीनने आखलेला. समाधान वाटलं. ऋतुजाला लगेच कळवलं. मुलगी म्हणाली, बाबा, मी इथंच राहते, खिडकीतून दिसतं मला. बायको, यशोदा, म्हणाली, आधी भवानी पेठेत नळाला पाणी कधी येणार त्याचा रिपोर्ट बघा.

४ डिसेंबर
विषय गंभीर, म्हणून नोंद. आमची नात ओवी, वय सात. तिनं शाळेत सांगून टाकलंय की सोलापूरचे आजोबा स्कीइंगमध्ये एक्स्पर्ट आहेत. १० जानेवारीला ट्रेलवर शाळेची आजोबा-नातवंडांची शर्यत, त्यात आमच्या जोडीचं नाव. एक्स्पर्ट हा शब्द मीच व्हिडिओ कॉलवर वापरला होता, पण ढोबळमानाने. ९४ साली मनालीला भाड्याचा कोट घालून बर्फात उभा राहिलोय. फोटो आहे. आणि उभं राहणं हाच या खेळाचा पाया. काही झालं तरी पोरीची मान वर्गात खाली जाता कामा नये. उद्यापासून पहाटे पाचला सराव.

५ डिसेंबर, सकाळी ८.४०
उठायला उशीर. फार थंडी. सोळा डिग्री.

८ डिसेंबर
साहित्य जमलं. मित्र चनबसप्पाच्या बंद पडलेल्या हातमागाच्या दोन फळ्या, पायाला बांधायला लेंग्याच्या नाड्या, हातात मच्छरदाणीच्या काठ्या. राहिला बर्फ. शेजारच्या नागव्वा शेंगाचटणी करून विकतात. त्यांच्याकडून टरफलांचं पोतं आणून गच्चीवर पसरलं. नागव्वांनी विचारलं, बंब पेटवताय व्हय? हो म्हटलं. प्रत्येकाला कुठं समजावत बसणार?

९ डिसेंबर
चार पावलं उत्तम. पाचव्याला टरफलांचा दर्जा घसरला. कंबर. यशोदा मोबाईल धरून उभी होती, हात द्यायला मात्र आली नाही. चनबसप्पा म्हणाला, गंगाधरराव, लई झालं की आता, उतरा खाली. या माणसानं फ्रीजबाहेर बर्फ पाहिलेला नाही. दुर्लक्ष केलं.

१४ डिसेंबर
गरम पाण्याची पिशवी घेऊन पडल्या पडल्या मानसिक सराव. चालू आहे. रिपोर्ट: कॅलगरीत गरम वारं सुटलंय, ट्रॅकवरचा बर्फ वितळतोय, काही भाग बंद. क्षणभर बरं वाटलं. का, ते कळलं नाही.

२० डिसेंबर
ओवीचा फोन. विचारत होती, आजोबा, तुम्ही पडत नाही ना? म्हटलं, पडणं हे शिकाऊ लोकांचं काम. मागे यशोदेला उगाच खोकला आला. रिपोर्ट: पुन्हा सहा इंच. चला.

२८ डिसेंबर
निघालो. बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी, खोबरेल तेलाची बाटली. काठ्या यशोदेनं बाहेर काढून ठेवल्या.

३ जानेवारी, कॅलगरी
बर्फ पाहिला. खिडकीतून. निरीक्षणही महत्त्वाचं. प्रत्यक्ष सराव उद्यापासून.

७ जानेवारी
उद्यापासून नक्की.

९ जानेवारी
ऋतुजानं भाड्याच्या स्की आणल्या. नव्या वस्तूला पूजा नको? हळदकुंकू वाहिलं, नारळ सिंकमध्ये फोडला. दसऱ्याला मागाला तेल देतात तसं दोन्ही स्कींच्या तळाला खोबरेल चोळलं. दोन थर. आता लोण्यासारख्या घसरतील. इथल्या लोकांना ही गोष्ट सुचलेली दिसत नाही.

१० जानेवारी
नोंद असावी: एकदाही पडलो नाही.
रिपोर्ट: उणे चौदा, ट्रॅक उत्कृष्ट. शिट्टी वाजली. सगळे निघाले. मीही निघालो असतो. पण खोबरेल सोलापुरातसुद्धा थंडीत बाटलीत थिजतं, हे मला ऐनवेळी आठवलं. तळाला तेल दगड झालेलं, त्यावर चार बोटं बर्फ चिकटलेला. जोर केला, काठ्या रोवल्या, सिद्धेश्वराचं नाव घेतलं. छे! मनालीसारखाच उभा. फोटोही निघाला.
ओवी बरीच पुढे गेली होती. वळून पाहिलं आणि परत आली. मी ओरडलो, तू जा गं बाळ, तुझा नंबर जाईल. ती म्हणाली, आपली जोडी आहे ना, आजोबा? मग माझ्या शेजारी उभी राहिली, सगळे परत येईपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं. नाही, थंडीनं नाही. पोरीची मान माझ्यामुळे खाली गेली.

११ जानेवारी
कुणाचीच मान खाली गेलेली नाही. जेवताना उलगडा झाला. माझ्या ९ डिसेंबरच्या पडण्याचा व्हिडिओ यशोदेनं त्याच दिवशी पाठवला होता. ओवीनं तो वर्गात दाखवला. मुलांनी तीनदा बघितला. माझे आजोबा माझ्यासाठी शेंगांच्या टरफलांवर शिकतायत, असं तिनं सांगितलं आणि बाईंनी आमचं नाव पहिल्यांदाच खेळणाऱ्यांच्या गटात घातलं. म्हणजे २० तारखेला फोनवर मला विचारत होती तेव्हा कार्टीला सगळं ठाऊक होतं!
कालचा फोटो मोठा करून पाहिला. मला वाटलं होतं, शर्यतीआधी पाठीवर लावलेल्या कागदावर नंबर असेल. इंग्रजीत लिहिलंय: नवशिका. शेजारी ओवीनं रंगवलेलं फूल.
उद्या सकाळी नऊला पहिला धडा. मास्तर ओवी. अट एकच, तेल आणायचं नाही. बर्फाचा रिपोर्ट बघायला मोबाईल काढला तर म्हणाली, आजोबा, खिडकी आहे की.