डाव्या दाराचे दोन ओरखडे

५ फेब्रुवारी २००१, सोमवार
गाडीच्या डाव्या दारावर दोन ओरखडे. बोटभर लांब, फार नाहीत. आपल्या गेटची कडी बाहेर आलेली आहे, ती लागली. चूक गेट बसवणाऱ्याची. मी रिव्हर्स व्यवस्थित घेत होतो.

बायकोने, शर्मिष्ठाने, दोन्ही ओरखड्यांवरून बोट फिरवले आणि ती आत निघून गेली. हे जास्त वाईट. तिची बदली शहराबाहेर, तीसेक किलोमीटरवरच्या अभनपूरच्या शाळेत झाली आहे, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे. बस खच्चून भरलेली असते आणि तिच्या गुडघ्याला तेवढे उभे राहणे झेपत नाही. म्हणून गाडी ती नेणार, असे जानेवारीतच ठरले. लायसन्स तिने पहिल्याच टेस्टमध्ये काढले. (माझ्या वेळी टेस्ट घेत नसत.) माझी काहीच हरकत नाही. पण ओरखडे असलेली गाडी दिली तर लोक म्हणतील, बाईनेच ठोकली. तिच्या इज्जतीचा प्रश्न आहे. आधी दुरुस्ती, मग अभनपूर.

गॅरेजला द्यायची नाही. घरीच करीन. एका सकाळचे काम.

६ फेब्रुवारी
पेंट हा विषय मला नवा नाही. नवे राज्य झाल्यावर आमच्या संचालनालयातल्या सगळ्या जीपांवरचे ‘मध्यप्रदेश शासन’ मिटवून ‘छत्तीसगढ़ शासन’ लिहिण्याचे काम माझ्याच देखरेखीखाली झाले. समोर खुर्ची टाकून बसत होतो. त्यातला पांढरा ऑइल पेंट स्टोअरमध्ये उरला आहे. शासनाचा माल वाया जाऊ नये म्हणून घरी आणला.

शेजारच्या टेबलवरचे गुलाबराव म्हणाले, साहेब, गाडीचा पांढरा वेगळा राहते, दुकानातून टच-अपची बाटली आणा. पांढऱ्यात वेगळे काय असते? आपले शहर राजधानी झाले, तरी गुलाबराव कधी राजधानीत काम केल्यासारखे वागत नाहीत.

८ फेब्रुवारी, सकाळी ६
पहाटे उठलो. (शर्मिष्ठाने उठवले.) पाणी लावून घासायचा बारीक कागद मिळाला नाही. घरात खिडक्या घासायचा जाडा सँडपेपर होता. जाड्याने काम लवकर होते.

सकाळी ७.३०
ओरखडे गेले. त्यांच्या जागी पोळपाटाएवढा खरबरीत भाग आला आहे. तो रंगाखाली जाईल.

१० फेब्रुवारी, शनिवार
पहिला हात दिला. प्रायमर लावला नाही, ते कंपन्यांचे खूळ आहे. अनुश्रीचा चित्रकलेचा ब्रश घेतला. ती म्हणाली, पापा, पूछ तो लेते. कॉलेजात गेल्यापासून पोरगी मराठीत बोलतच नाही.

गाडी उघड्यावर वाळत ठेवली आहे. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

११ फेब्रुवारी
रात्रीतून कारखान्यांची काळी धूळ येऊन रंगावर बसली. तिळाची वडी दिसते आहे. ओल्या फडक्याने पुसले. धूळ राहिली आणि फडक्याचे धागेही चिकटले. दोन्हींवर दुसरा हात मारला.

शर्मिष्ठाने विचारले, उद्या नेऊ ना? म्हणालो, रंग आतून ओला आहे. दोन दिवस.

१२ फेब्रुवारी
ती बसने गेली. मी गाडी ऑफिसला नेली. रंगाला वारा लागावा लागतो.

संध्याकाळी ती पाटावर पाय ठेवून गुडघा शेकत बसली होती. मला खरेच वाईट वाटले. तसे म्हणालोही. ती म्हणाली, वाईट नका वाटून घेऊ, चावी द्या. मग मी तिला पेंट वाळण्याचे शास्त्र समजावून सांगितले. ऐकता ऐकता तिने डोळे मिटले होते.

१५ फेब्रुवारी
दारावरचा भाग सायीच्या रंगाचा दिसतो. कारण सापडले: पेंट बरोबर आहे, गाडी चुकीची पांढरी आहे.

अनुश्री म्हणाली, पापा, सरकारी गाड़ी चुराकर नाम मिटाया लगता है. दुर्लक्ष केले. तरीही दुपारी चौकात ट्रॅफिक हवालदाराने गाडी थांबवून कागद मागितले. योगायोग.

१८ फेब्रुवारी, रविवार
आज काही केले नाही. घाईने रंग बिघडतो. संकल्प: पुढच्या रविवारी सगळेच दार रंगवायचे, म्हणजे मॅचिंगचा प्रश्नच मिटला.

२० फेब्रुवारी
शर्मिष्ठाने विचारले, मी गाडी चालवलेली तुम्हाले आवडत नाही काय? म्हणालो, वेडी आहेस का, हे दार बघ. ती म्हणाली, दार दाखवू नका, मी तुम्हाले विचारून राहिली.

माझ्या मनात तसे काही नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. मी ऑफिसला सवारीच्या टेम्पोतून जायचे, गुलाबरावांच्या काखेत उभे राहून, आणि माझी गाडी अभनपूरच्या शाळेसमोर उन्हात, हा मुद्दा वेगळा आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.

२५ फेब्रुवारी
पुढचे डावे दार पूर्ण रंगवले. सढळ हाताने, फटींतसुद्धा. उत्तम झाले आहे. लांबून पाहावे.

शर्मिष्ठाला म्हणालो, आता फक्त बुधवारपर्यंत. ती मान डोलवून नुसती हव म्हणाली. समजूतदार आहे.

२६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
जादा चावी तिच्याकडे होती, हे मला माहीत नव्हते. तिने गेटातून गाडी एका दमात मागे काढली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. मी मागे उभा राहून हातवारे करत होतो. ती आरशात पाहत होती.

संध्याकाळ
परतताना टेम्पोत उभा. सोबत गुलाबराव. तेलीबांध्याच्या सिग्नलला शेजारी आपलीच गाडी येऊन थांबली. दार पाहून टेम्पोतले लोक हसायला लागले. एकाने विचारले, ये किसकी गाड़ी है भैया, चूना पोत रखा है. माझ्याकडेच पाहून विचारले. मी म्हणालो, पता नहीं. गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिले आणि मग बाहेर पाहायला लागले.

तेवढ्यात शर्मिष्ठाने हाक मारली, अहो, या ना, बसा. अख्खा टेम्पो माझ्याकडे वळला.

उतरलो. मागच्या सीटवर तिच्या शाळेतल्या तीन शिक्षिका दाटीवाटीने बसलेल्या. पुढची सीट रिकामी. म्हटले, पुढे कोणी का नाही? त्यातल्या माया दीदी म्हणाल्या, दरवाजा सकाळपासून उघडूनच नाही राहिला, भाऊजी, रंगाने पक्का चिकटला. मीही दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मागून हॉर्न वाजायला लागले. शेवटी शर्मिष्ठा खाली उतरून उभी राहिली आणि मी तिच्या सीटवरून, गिअरवरून पाय टाकत, पलीकडे गेलो. टेम्पोतून कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

घरापर्यंत त्या तिघी शाळेबद्दल बोलत होत्या. शर्मिष्ठा हसत होती. ती इतकी हसते हे मी विसरलो होतो.

घरी आल्यावर म्हणाली, उद्यापासून ऑफिसच्या गेटपाशी थांबत जा, परतताना घेत जाईन. मी बरं म्हणालो.