काटा मध्यावर

५ एप्रिल
जुन्नरहून परत येताना गाडी तापली. धाकट्या बहिणीच्या, पूजाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला वडील आणि मी गेलो होतो. तात्या चालवत होते. मी मांडीवर उरलेल्या पत्रिका गावांप्रमाणे लावत होतो, म्हणून लक्ष नव्हतं. वास आला तेव्हा मान वर केली. तापमानाचा काटा लाल पट्ट्याच्या शेवटाला टेकलेला.
"तात्या, थांबवा."
"का रं? चांगली पळतीय की."
बोनेटमधून वाफ निघाल्यावर थांबले. लगेच रेडिएटरचं टोपण उघडायला निघाले. मी हात धरला तर चिडले. शेजारच्या मळ्यातून पाणी मागून आणलं, गार होईपर्यंत बसलो. एक जीपवाला थांबून म्हणाला, "काय तात्या, विमान उतरवलं व्हय?" गाव गाडीला विमानच म्हणतं. आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी, माझ्याहून दुप्पट वयाची.
आज प्रत्येक घरी तात्यांनी तीच गोष्ट सांगितली. द्राक्षाच्या चांगल्या साली गाडी पुण्याहून आणली, तेव्हा लहानगी पूजा पुढच्या सीटवर उभी राहून म्हणाली, मला सासरी हिच्यातून न्यायचं. आणि हे म्हणाले, मीच सोडणार. ऐकणारे हसतात. तात्या हसत नाहीत.
लग्न २८ ला. काटा: लाल.

७ एप्रिल
बबन मेस्त्री नारायणगावहून आले. अर्धा तास कान लावून ऐकलं, मग म्हणाले, "थर्मोस्टॅट काढून टाकू. थंड मुलखातली झडप ती. हितं काय बर्फ पडतो का?"
मी म्हणालो, झडप काढणं हा इलाज नाही, तसं शिकवलं होतं.
"कुठं शिकवलं व्हतं?"
"अवसरीला. डिप्लोमाला."
"आन दुसऱ्याच वर्षी पळून आला न्हाई का तू? मग त्येवढंच शिकवायचं ऱ्हायलं आसंल राव."
तात्या मोठ्याने हसले. झडप निघाली. माझं म्हणणं तिथेच संपलं. मेस्त्री चहा पिऊन गेले. मी झडप धुऊन, पुसून, डब्यात ठेवली.
एक गोष्ट. आईने तात्यांच्या डाव्या हाताला चहा ठेवला होता. बोलता बोलता त्यांचा हात लागून कप पडला. आई म्हणाली, "लक्ष कुठं आसतं?"

९ एप्रिल
झडप काढूनही तेच. पण आज एक कळलं. एकटाच घेऊन गेलो होतो. हायवेला पळत असली की काटा मध्यावर. ना.गावच्या बाजारात टोमॅटोच्या पिकअपमागे अडकलो की लगेच चढायला लागतो. दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तसंच.
म्हणजे हळू चालली की तापते.
वरातीत गाडी माणसाच्या चालीने चालणार. कार्यालयापासून हायवेपर्यंत पुढे बँड, नाचणारी पोरं. नंतर तिच्या सासरी घोडेगावपर्यंत मोकळा रस्ता, पण तिथवर पोचली तर. भर वरातीत वाफ, मागच्या सीटवर पूजा, तिच्या सासरची माणसं बघताहेत. हेच चित्र दिवसभर डोळ्यांपुढे.

१० एप्रिल
इंजिन तापवून बंद केलं आणि रेडिएटरवर सगळीकडे हात फिरवला. वरचा भाग चटका बसेल इतका गरम, खालचा निम्मा गार. खाली पाणीच फिरत नाही. टोपणाच्या आत पांढरी खपली, नखाने निघत नाही. कारण उघड आहे. इतकी वर्षं आपण बोअरचं पाणी ओतलं. त्याच पाण्याने ड्रिपच्या नळ्या बुजतात.
तात्यांना दाखवलं. त्यांनी टोपण अगदी नाकासमोर धरून पाहिलं. "क्षार हायती," म्हणाले. मी सांगितलं, उद्या सकाळी रेडिएटर काढतो, ना.गावला खोलून साफ करून आणतो. बरं म्हणाले. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझं ऐकलं.

११ एप्रिल
ऐकलं नव्हतं.
सकाळी मी रेडिएटर काढायचे पाने आणायला मेस्त्रींकडे गेलो. परत आलो तर शेडमध्ये इंजिन चालू आणि तात्या बाजूला खुर्ची टाकून बसलेले. हातात ड्रिपच्या ॲसिडचा कॅन.
"तात्या, काय ओतलं?"
"बागंच्या नळ्या आपुन कशानं साफ करतो?"
"ते प्लॅस्टिकच्या नळ्यांना. हे तांबं, पितळ, डाक दिलेलं."
"क्षार त्यो क्षारच. त्याला काय कळतंय गाडी हाय का बाग."
मी इंजिन बंद केलं, खालचा पाइप सोडला. पाणी नव्हे, पिवळट चिखल पडला, फेस आणि खपल्या. तात्या खूश. मग साध्या पाण्याने कितीतरी वेळा धुतलं. हाताला रबरी मोजे होते, तरी बोटं अजून खरखरीत लागतात. धुणं झाल्यावर जमिनीवर थेंब. एक, मग तीन ठिकाणी. ॲसिडने क्षारासोबत सांध्यांचा डाकही खाल्ला.
मी आवाज चढवला. तात्यांपुढे पहिल्यांदाच. "विचारायचं तरी होतं."
म्हणाले, "तुज्या हातानं हुईस्तोवर पोरीचं बाळंतपण व्हईल."
आई दारातून म्हणाली, "दोघं बी गप ऱ्हा. मांडववाला आलाय."
कॅनवरची माप दाखवणारी रेघ ठळक आहे. त्यांनी दुप्पट ओतलं. घाईत, की रेघ दिसली नाही?

१५ एप्रिल
ना.गावला रेडिएटरची जाळी नवीन बसवून मिळाली. दुकानदार जुनी जाळी उलटी करत म्हणाला, "ॲसिड वतलं व्हय? द्राक्षावाल्यांचं हेच. महिन्यातून एक तरी येतोच." मग म्हणाला, "पर इंजिनात साठल्याली मळी बी निघाली आसंल बगा, ती मला हितं काढता आली नसती."
म्हणजे तात्यांनी बिघडवलं आणि तात्यांनीच निम्मं दुरुस्त केलं. हे त्यांना सांगावं की नाही? सांगितलं तर वर्षभर ऐकावं लागेल.
पंख्याभोवती पत्र्याचं कडं नव्हतं, हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पत्रा कापून, पुठ्ठ्याचा नमुना आधी तीनदा करून, कडं बसवलं. आता पंखा सगळी हवा जाळीतूनच ओढेल. झडपही परत घातली. मेस्त्रींना बोललो नाही. बोअरचं पाणी बंद, आता बाटलीतलं कूलंट.

१८ एप्रिल
चाचणी. आधी अंगणात उभी ठेवून. काटा मध्यावर. मग ना.गावच्या बाजारात, भर दुपारी, बैलगाडीच्या वेगाने. मध्यावर. एसटी स्टँडसमोर मुद्दाम उभा राहिलो, मागच्याने शिव्या दिल्या. मध्यावर.
मी गाडीतच बसून हसलो. कोणी पाहिलं नाही.
तात्यांना सांगितलं. पाठीवर थाप मारली. "उद्या मी नेतो."

१९ एप्रिल
तात्या चालवत होते, मी शेजारी. काटा मध्यावर. गाडी इतकी छान कधी चालली नव्हती.
कळंबच्या पुलापलीकडे डावीकडून शेतातला रस्ता येतो. तिथून एक जण मोटारसायकलवर येत होता, मागे दुधाचे कॅन. मला लांबून दिसला. तात्या आता वेग कमी करतील, आता करतील. केला नाही. मी ओरडलो तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. कॅन आमच्या बंपरला घासून गेला. दूधवाला म्हणाला, "म्हातारबा, डोळं घरी ठिवून आला काय?"
तात्या म्हणाले, "त्योच मधी घुसला."
तो मध्ये घुसला नव्हता.
घरी येऊन मी एकटाच विचार करत बसलो. जुन्नरच्या रस्त्यावरचा काटा. चहाचा कप. गेल्या महिन्यात फाटकाच्या डाव्या खांबाला लागलेला गाडीचा लाल रंग. टोपण नाकासमोर धरून बघणं. आणि मी इतके दिवस फक्त गाडी तपासत होतो.

२१ एप्रिल
मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं सांगून नेलं. बराच वेळ तपासलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं गेलंय, डावीकडचं जास्त. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब. "आणि काका, गाडी आजपासून बंद. सायकलसुद्धा नाही."
तात्या म्हणाले, "बरं." इतक्या सहज म्हणाले की मीही फसलो असतो.
परत येताना मी चालवत होतो. मळ्याच्या वळणावर तात्या माझ्याकडे वळले. मग, "किरण, लगीन हुईस्तोवर कुनाला न्हाई सांगायचं. तुज्या आईला बी न्हाई."
"आणि गाडी?"
"पूजाला मी सोडनार. शब्द दिलाय."
"डॉक्टर म्हणाले..."
"डाक्टर तिला सोडाया येनार हाय का?"

२४ एप्रिल
पूजाला सांगितलं. नको म्हणाले होते तरी. मागच्या सीटवर तीच बसणार आहे.
ती बांगड्यांचा डबा उघडत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. परवा ओट्यावर मी बाजूला उभी होते आणि ते मलाच हाक मारत होते." डबा बंद करून म्हणाली, "मग तू गाडी दुरुस्त कशाला केलीस?"
मी म्हणालो, तूच सांग त्यांना, की दादाने चालवावी.
"मी सांगू? त्या दिवशी? सगळ्यांसमोर? ते 'बरं' म्हणतील, दादा. मला तेच ऐकायचं नाही."
"मग बसणार तू?"
"तूच बंद पाड ना. तुला येतं सगळं."

२६ एप्रिल
दुपारी शेडमध्ये गेलो. तात्या बंद गाडीत स्टिअरिंग धरून बसले होते. मी आल्याचं त्यांना दिसलं नाही, मी डावीकडे उभा होतो. पुटपुटत होते. "कळंब. मग पूल. पुलानंतर डाव्या अंगाचा शेतरस्ता, हितं सावकाश. मंचर, मोठं वळान." सगळा रस्ता पाठ म्हणत होते, प्रत्येक ठिकाणी मान पूर्ण वळवून डावीकडे बघत होते. घोडेगावपर्यंत म्हणून झालं की परत पहिल्यापासून.
मी परत फिरलो.

२८ एप्रिल, कार्यालयात
लग्न लागलं. पंगती चालू आहेत. मी गाडीत बसून लिहितो आहे. सकाळी मीच इथे आणली. झेंडूच्या माळा दारांना आणि टपावर बांधू दिल्या, पुढच्या जाळीवर एकही नाही. फुलवाला म्हणाला, "त्वांडच मोकळं ठिवलं की पावणं." राहू दे मोकळं, हवा तिथूनच आत जाते.
मघाशी बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढला. अंगठ्याएवढा तुकडा. तो नसला तर इंजिन नुसतं फिरतं, सुरू होत नाही. कोणाला कळणार नाही. बबन मेस्त्री जेवायला आलेत, त्यांनाही लवकर सापडायचं नाही. मग पूजा माझ्या मामांच्या गाडीतून जाईल. पाहुणे म्हणतील, विमान उतरलं. तात्या काय म्हणतील ते मला माहीत आहे. बरं म्हणतील.
एवढं लिहिलं आणि ते आले. डोक्याला फेटा, कानापर्यंत ओढलेला. आधी टपावरून हात फिरवत माझ्या दारापाशी आले.
"हितंच बसलाय व्हय. जेवला का?"
"जेवतो."
"मंग आईक. वरातीत तू शेजारी बसायचं. काटा सांगत जा मला."
"काटा आता वर जात नाही, तात्या."
"तरी सांगत जा."
बँडवाले तिकडे वाद्यं जुळवत होते. तात्यांनी मान वळवून सगळं पटांगण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.
"डाव्या अंगाला कोन आलं तर," म्हणाले, "त्ये बी सांग."
आणि हात पुढे केला. मी चावी दिली. ते पूजाला बघायला आत गेले, पायरीपाशी थांबून, पाय चाचपून.
ऊन उतरतंय. रोटर अजून खिशात आहे. परत बसवायला दोन मिनिटं पुरतील, आणि बोनेटला चावी लागत नाही.