मागं फिरून वाचताना

१० जानेवारी १९७४

काही नाही! नुसतं पित्त! डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडाला धरला. "स्वच्छ आहे. तिखट कमी, जेवण वेळेवर." नवरा म्हणून मला एकट्यालाच आत बोलावलं होतं. दुर्गा बाहेर बाकावर. तिला येऊन सांगितलं, "काही नाही." आनंदानं डोळे भरून आले होते, जास्त बोलवेना. ती म्हणाली, "बरं."

पांडुरंगाची कृपा. फोटोची वाट बघत होतो त्या दिवसांत पहिल्या पाळीवरून आलो की लिहीत बसायचो. घरात सांगितलंय, युनियनचे कागद. सगळी भीती कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात उतरली — तिथली राधा पोटदुखीनं जाते. आता दुर्गा बरी, आणि कादंबरीही पुरी.

१२ जानेवारी

संध्याकाळी आमच्याकडे वाचन असतं. गावाकडं पोथी लावत तशी मी कादंबरी लावतो. हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, पुस्तक पाटावर ठेवून मोठ्यानं वाचायचं. ऐकायला दुर्गा आणि शेजारच्या छबूबाई. आज धाडस केलं! वाचनालयाच्या जाड पुस्तकात माझीच पानं घातली आणि सुरू केलं. दुर्गाचं नाव बदलून राधा केलेलं, गाव बदललेलं, फिटर नवऱ्याचा सुतार केलेला. कोण ओळखणार?

छबूबाई म्हणाल्या, "ह्यो लिवनारा सोताच इतका रडतोय, आमी कवा रडायचं?"

फार लागलं. दुर्गा तांदूळ निवडायला बसली होती. सुपातले तांदूळ तसेच राहिले होते.

१५ जानेवारी

वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या अरुंधतीबाईंना विचारलं — एवढ्या कादंबऱ्या वाचल्या, मग लिहिणाऱ्यांची युक्ती मला का कळत नाही? त्यांना ठाऊक आहे मी लिहितो. आणखी कुणाला नाही.

"मुंगसे, तुम्ही वाचता कसे?"

सांगितलं. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत, मध्ये थांबायचं नाही, मागं फिरायचं नाही. पारायणाला मागं फिरतात का कुठं?

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, ती देवाची पोथी नव्हे! माणसानं लिहिलंय. शेवट वाचला की मागं फिरा. त्यानं कुठं काय ठेवलं होतं ते शोधा."

१७ जानेवारी

गुरुवार, कंपनीला सुट्टी. वाचून झालेली एक कादंबरी पुन्हा काढली. त्यात म्हातारी मरते तिथं मी मागच्या वेळी रडलो होतो. का रडलो? त्या पानावर रडणं नाहीच! घरातले परततात, कुलूप उघडतात आणि ते कुरकुरतं. बस. मागं फिरलो. अगदी सुरुवातीला म्हातारी कुलपाला तेल घालताना दिसते. तेव्हा वाटलं होतं, हे कशाला लिहिलंय!

म्हणजे हे असं असतं. बारीकशी गोष्ट आधी ठेवून द्यायची. तिच्याकडे बोट दाखवायचं नाही.

देवापुढं बसल्यासारखा दिवसभर बसलो. किती हलकं वाटलं! मला येत नाही असं नाही — मी नीट पाहिलं नव्हतं.

२० जानेवारी

दुर्गानं आज मला भाकरी थापायला बसवलं. "अवो, कडंनं दाबा, मदी न्हाई!" हे काय नवीन म्हटलं, तर म्हणे, "यायला पायजे माणसाला." माझ्या भाकरीचा नकाशा झाला.

२४ जानेवारी

राधाचे अश्रू पुसून टाकले, म्हणजे खोडले. हंबरडा खोडला. सुताराचं आभाळाकडं बघणंही खोडलं. राधा जाते त्या दिवशी सुतार फक्त भाकरीसाठी तिची चूल पेटवायला बसतो आणि त्याला पेटवता येत नाही, एवढंच ठेवलं.

संध्याकाळी तेच वाचलं. छबूबाई पहिल्यांदाच गप्प! दुर्गा उठून दिव्यात तेल घालायला गेली. तेल तर भरपूर होतं. साधलं, म्हटलं!

२७ जानेवारी

दुर्गानं हिरवं इरकली लुगडं छबूबाईंच्या सुनेला देऊन टाकलं. माझ्या पहिल्या बोनसचं. "ठिवून काय करू?"

३१ जानेवारी

देहूला गेलो होतो. देवळात ती बराच वेळ हात जोडून उभी. घाटावर इंद्रायणीत पाय सोडून बसली आणि मध्येच म्हणाली, "चित्राच्या बाळंतपनाला छबूबाईला न्या. तुमाला एकट्याला उमजायचं न्हाई."

"लेकीच्या बाळंतपणाला तू असताना छबूबाई कशाला?" मी हसलो.

तिनं ओंजळीत पाणी घेऊन तोंडावरनं फिरवलं. परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. चारचौघांत, आयुष्यात कधी नव्हे ते!

२ फेब्रुवारी

कादंबरीत घालायला काही सापडतंय का म्हणून ही रोजनिशी मागं फिरून वाचली.

भाकरी. लुगडं. बाळंतपण.

 तसाच चुलीपाशी गेलो.

"दुर्गे, तुला काय वाटतंय? खरं सांग."

ती तव्याकडंच बघत होती. "ते पुस्तक तुमचंच ना?"

"कशावरून?"

"पानी पिताना टोपी काडून मांडीवर ठिवनारा मानूस म्या येकच पायलाय. सुतार म्हनं!" मग हळूच म्हणाली, "दाक्तरानं तुमालाच आत घेतलं. भाईर आलात तवा डोळे भरल्यालं, आन् म्हनता काय न्हाई. मग रोज दिवा लावून वाचून दावलंत. तोंडानं सांगवत नसंल, म्हटलं."

 मी विठोबाची शपथ घेतली. डॉक्टरांची चिठ्ठी आणून तिच्यापुढं धरली, उलटी आहे की सुलटी तेही बघितलं नाही.

"निस्तं पित्त?"

"नुसतं पित्त!"

ती रडली. मग हसली. मग एकदम चिडली. "आन् माजं हिरवं लुगडं?"

भाकरी करपून काळी झाली. तीच दोघांनी खाल्ली. इतकी गोड कधी लागली नव्हती.

३ फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण काढून टाकलं. आता शेवट काय करू, मी दुर्गाला विचारलं — लिहिलेल्या पानाबद्दल तिला पहिल्यांदाच. ती पीठ मळत होती. म्हणाली, "मरन काडा. भाकरी ऱ्हाऊ द्या."