न हललेला पेला

झुवैना,

तुझ्या बापाशी भांडून, कॉलेज अर्धवट टाकून मी या यानावर चढलो, तेव्हा तू म्हणाली होतीस, "दोन वर्षं थांबेन, माठ्या. एक दिवस जास्त नाही."

इथे अवकाशात एक जागा आहे, तिथे काळ मंदावतो. आत दहा मिनिटं थांबून मोजमापं घ्यायची, तेवढ्यात बाहेर वर्ष सरेल, असं गणित होतं. कप्तान खलफानकाकांनी मस्कतच्या रिवाजाने कॉफी ओतली. पुरे म्हणून मी पेला हलवायला हवा होता. पण तुझ्या आठवणीत बुडून बसलो होतो, हलवलाच नाही. काका ओतत राहिले.

"पोट आहे की विहीर रे, नभान?"

सगळे हसले. पाहुण्याचा पेला हलल्याशिवाय काका उठत नाहीत, आणि ते उठल्याशिवाय यान वळत नाही. अर्धा तास गेला. यान खोल घसरत होतं, ते कुणाला कळलंच नाही.

बाहेर आलो तर बेचाळीस वर्षं उलटलेली. संपर्कयंत्रावर मी हाक दिली, तर पहिला आवाज तुझा आला, थकलेला.

"बाळा, तिथे नभान आहे का रे? तुझा आवाज अगदी त्याच्यासारखा आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, मावशी."

अजून बावीस वर्षांचाच,
नभान